मौनीमायचं उद्यापन

तोताराम : सोमवारांचं आहे, प्रदोषाचं आहे, चातुर्मासाचं तर दोन प्रतींत आहे. मौनाच्या उद्यापनाचं नाही. पितांबरराव, मी या वाचनालयाचा ग्रंथपाल झालो तेव्हा मला मिसरूड नव्हती, आता मिशा पिकल्या. मौनाचं पुस्तक मागणारे तुम्ही पहिलेच. स्वराज्य आल्यापासून तर जो तो बोलायलाच लागलाय.

पितांबर : पन नाना, व्रत घेतलं म्हनजे सोडायची रीत असंल ना. ती लिहेल असंल कोठेतरी.

तोताराम : रीत असते. पण व्रत घेताना मुदत बोलतात. अमुक दिवस पाळीन, तमुक दिवशी सोडीन. घेणाऱ्यानं काय बोललं होतं?

पितांबर : काही बोललेच नाही.

तोताराम : मौनात कसं बोलणार, खरंय. त्याच्या आधी?

पितांबर : आधीबी नाही. मौन आधी झालं. व्रत मागून.

तोताराम : असं व्रत मी प्रथमच ऐकतोय. कुणी घेतलंय?

पितांबर : आमच्या गावातली एक बाई शे.

तोताराम : तुमच्या ओळखीची?

पितांबर : हां. घरवाली शे मनी.

तोताराम : म्हणजे ओळख आहे. बसा. तिथे नको, त्या खुर्चीचा पाय मोडलाय, ती फक्त अध्यक्षांसाठी ठेवलीय. इथे बसा. काय नाव त्यांचं?

पितांबर : झुंबर. आता कोणी म्हनत नाही. आता मौनीमाय म्हनतात.

तोताराम : कोण म्हणतं?

पितांबर : बठ्ठं गाव म्हनतं. आजूबाजूचंबी. परवा पहूरहून गाडी आली होती, बायांची. नारळ घेऊन.

तोताराम : आणि मौनीमाय काय करतात?

पितांबर : बसती. भिंतीकडे पाहून.

तोताराम : बाया?

पितांबर : पाया पडती. नारळ ठेवती. कोनी पोर होऊ दे म्हनतं, कोनी कापसाला भाव येऊ दे म्हनतं. ती पाहतबी नाही. बाया म्हनती, काय वैराग्य शे. सुकदेवचा बैल हरवला होता. तो तिच्या पायां पडून निघाला न कोपऱ्यावर बैल उभा.

तोताराम : आधीपासून उभा होता?

पितांबर : हां, आधीपासून. पन सुकदेवनं पाह्यला नव्हता.

तोताराम : जेवतात का?

पितांबर : माझी माय भरवते तर दोन घास. नाही तर नाही. लोकं म्हनती, उपास शे. झोपत नाही. लोकं म्हनती, जागरन शे. काहीबी केलं नाही तरी त्याला नाव शे लोकांजवळ.

तोताराम : पितांबरराव, हे कधीपासून?

पितांबर : श्रावनात पोर झाली. त्याच्यापासून. आधी खूप बोलायची, नाना. इतकी, की मी शेतात जास्ती वेळ बसायचो. पोर झाली, सुईन म्हनली, मुलगी शे, बघ. तिनं तोंड फिरवलं. मले वाटलं, मुलगा पाह्यजे होता. मी म्हनलो, मले मुलगी चालते. तिनं माझ्याकडेबी पाह्यलं नाही. मंग कोनाकडेच नाही.

तोताराम : आणि पोर?

पितांबर : चांगली शे. शेजारच्या मंदाबाईचं अंगावरचं पोर शे, ती दोघांनाबी पाजते.

तोताराम : मग व्रत कुठून आलं मध्येच?

पितांबर : बारशाला. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, न बाया तिच्या मागे लागल्या, नाव घे, नाव घे. तुम्हाले माहीत शे, नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय सोडत नाहीत. ही गप. एक बाई म्हनली, हिले काय झालं वं? दुसरी म्हनली, डोळे तर पाहा हिचे. बठ्ठ्या गप झाल्या. तेवढ्यात माझी माय बोलली, मौन धरेल शे तिनी, पोरीसाठी.

तोताराम : आणि सुटका झाली.

पितांबर : त्या दिवसाची झाली. दुसऱ्या दिवशी बाया पायां पडाले आल्या. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला.

तोताराम : श्रावणात पाऊस पडतोच हो.

पितांबर : ते मीबी म्हनलो. पंच म्हनले, तू गप रहा, तू फक्त नवरा शे.

तोताराम : भगताला दाखवलं?

पितांबर : भगतबी येतो ना. दर अमावस्येला.

तोताराम : उतारा करायला?

पितांबर : पायां पडाले.

तोताराम : आणि डॉक्टर?

पितांबर : मी एकदा बोललो पंचांजवळ, धुळ्याले नेतो म्हनून. तर म्हनले, देवीले डॉक्टर? ती गावाबाहेर गेली न कापसाले कीड लागली तर? तू भरशील? म्हनून मी म्हनतो, आधी उद्यापन करू. व्रत सुटलं म्हनजे ती देवी राहनार नाही. मंग नेता येईल कोठेबी. पन उद्यापनात ती बोलली पाह्यजे. बठ्ठं गाव जमनार शे पहिला शब्द ऐकाले. न ती बोलनार नाही. तर पुस्तकात असं काही शे का, की न बोलता मौन सुटतं?

तोताराम : पितांबरराव, माझ्याकडे घरातल्या कटकटींवर पुस्तकं पुष्कळ आहेत. सासूसुनेच्या भांडणाची ही अख्खी फळी. नवरा दारू पितो, ती खाली. सावत्र आई, कोपऱ्यात. मूल होत नाही, त्यावर तर तीन कपाटं भरतील. पण मूल झालं, आणि आई गेली, घरातच बसून गेली, यावर मराठीत कुणी कादंबरी लिहिलेली नाही. एकच पुस्तक आहे. त्या पारसमलशेठांच्या कपाटात. शेठजींनी कपाट दान दिलं, पुस्तकं द्यायचं राहून गेलं, म्हणून आम्ही त्यात ते एकटं ठेवलंय.

पितांबर : उद्यापनाचं?

तोताराम : नाही. मनाच्या आजारांचं. एका डॉक्टरानं लिहिलंय. हे बघा. आजवर एकानंही घरी नेलेलं नाही.

पितांबर : म्हनजे खराब शे?

तोताराम : उलट. इथली माणसं पुस्तकं कमी वाचतात, पुस्तक कुणी नेलं ते रजिस्टर जास्त वाचतात. हे पुस्तक नावावर मांडलं की संध्याकाळपर्यंत मेहरूणच्या तळ्यापर्यंत बातमी, अमक्याच्या घरी कुणीतरी वेडं आहे. म्हणून नेत कुणीच नाही. कपाटाच्या दारामागे उभं राहून वाचतात. आता पानं बघा.

पितांबर : काळी झाली.

तोताराम : सगळी नाही. हे पान पांढरं, हेही पांढरं. हे मात्र पाहा. किती बोटं उमटलीत. हे तुमचं पान.

पितांबर : माझं?

तोताराम : बाळंतिणीचं. वाचता येतं ना?

पितांबर : सातवी झालो. पन अक्षरं... हल्ली अक्षरं लागत नाहीत, नाना. पाहतो न पाहतच राहतो. शेतातबी असंच होतं. औत धरतो न उभाच. बैल मागे वळून पाहती.

तोताराम : हं. बरं, मी वाचतो. त्याआधी एक विचारू? झुंबरबाई कधी घराबाहेर जातात?

पितांबर : एकदा गेली. दिवाळीच्या आगे, भल्या पहाटे. मी उठलो तर जागा खाली. इहिरीजवळ होती. काठावर. अगदी काठावर, बोटं बाहेर. पान्याकडे पाहत.

तोताराम : मग?

पितांबर : पानी भराले बाया आल्या होत्या. मागे उभ्या होत्या हात जोडून. म्हनल्या, हालू नको पितांबर, मौनीमाय जलपूजा करती.

तोताराम : आणि तुम्ही?

पितांबर : मी हाल्लो. हाताले धरून घरी आनली. बाया रागावल्या. पूजा अर्धी राहिली म्हनून मले नारळ फोडाले लावला.

तोताराम : पितांबरराव, उद्यापन-बिद्यापन राहू द्या. तिला उद्या धुळ्याला न्या.

पितांबर : तेच तर म्हनतो मी. नेऊ देत नाहीत.

(दारात एक म्हातारी येऊन उभी राहते. पदर डोक्यावर, वहाणा हातात.)

धुरपदाबाई : पितांबर, किती येळ व्हयना. सापडनं का पुस्तक?

तोताराम : या अक्का. वहाणा घालूनच या. हे वाचनालय आहे, देऊळ नाही. लोक इथे फक्त सावलीसाठी येतात.

पितांबर : माय शे मनी. धुरपदाबाई. ती बाहेर ओट्यावर बसली होती. पुस्तकांनी तिले घाबरं होतं.

धुरपदाबाई : घाबरं नही. इतला लोके लिखी गयात, न कोनीच मनी सूनबद्दल लिखं नही. मंग कायना कामना?

तोताराम : लिहिलंय अक्का. तेच वाचायला घेतलं होतं. ऐका. “प्रसूतीनंतर काही स्त्रियांचे मन अतिशय खचते. त्यांना झोप लागत नाही, अन्न नकोसे होते. मूल जवळ घ्यावेसे वाटत नाही. काही स्त्रियांचे बोलणे बंद होते.”

धुरपदाबाई : झुंबरनं नाव शे का त्यामा?

तोताराम : नाही. नुसतं ‘काही स्त्रिया’.

धुरपदाबाई : म्हंजे दुसरीसले बी व्हस?

तोताराम : होतं. “यात त्या स्त्रीचा दोष नसतो. हा शाप नव्हे, बाधा नव्हे, आळस नव्हे. हा आजार आहे. स्त्रीस एकटी सोडू नये. वेळीच उपचार झाल्यास पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात.”

धुरपदाबाई : परत वाच, भाऊ.

तोताराम : कुठलं?

धुरपदाबाई : दोष नसस, ते.

तोताराम : “यात त्या स्त्रीचा दोष नसतो.”

धुरपदाबाई : कव्हयनं लिखेल शे हाई?

तोताराम : लढाईच्या आधीचं. वीसेक वर्षं झाली असतील.

धुरपदाबाई : मंग उशीर व्हयना. शेवंताले नही पुरनं.

पितांबर : कोन शेवंता? काकी?

धुरपदाबाई : तुनी काकी.

पितांबर : ती पटकीनं गेली ना, माय?

धुरपदाबाई : तुमले तसंच सांगेल शे. पटकी नही. तिले बी असंच व्हयनं. पोऱ्या व्हयना न ती गप. आठ दिन गप, पंधरा दिन गप. मंग गावना पोरेसले ताप ऊना. बाया बोलन्यात, ती देखत ऱ्हास, तिनी नजर खराब शे. डाकीण शे. तिले माहेर धाडी दिनं. तठे इहीर व्हती.

पितांबर : माय.

धुरपदाबाई : बारसाना दिन त्या बाया बोलन्यात ना, डोळा देखा हिना? मले तोच आवाज याद ऊना. आते ‘डाकीण’ म्हनतीन, बस एक शबद बाकी व्हता. म्हनीसन मी पहिलेच बोली गयी, मौन शे, मौन शे. डाकीणपेक्षा देवी बरी, भाऊ. देवीले दगड तं मारतस नही.

तोताराम : नाही, दगड मारत नाहीत. पण काठावर उभी राहिली तर मागे हात जोडून उभे राहतात.

धुरपदाबाई : ते मी काय जानू?

तोताराम : कुणीच जाणत नव्हतं अक्का. तुम्ही तिला एकदा वाचवलंत. आता दुसऱ्यांदा वाचवायचंय, तेही तुम्हीच तिला नेऊन बसवलंत त्या जागेवरून. धुळ्याला माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, मुंबईहून शिकून आलेला. डोक्याचं बघतो. पांझरा नदीच्या काठाला बसतो.

पितांबर : पंच सोडनार नाहीत, नाना.

तोताराम : कुठल्या काठाला म्हणालो मी?

पितांबर : पांझरेच्या.

तोताराम : मग झालं की. मौनाचं उद्यापन पांझरेच्या काठी करायचं असतं.

पितांबर : असं शे?

तोताराम : आत्तापासून आहे. पहिला शब्द वाहत्या पाण्याशी बोलायचा, आणि ते पाणी आपल्या गावचं नको.

पितांबर : गिरणा आमच्या गावावरूनच जाते.

तोताराम : म्हणूनच गिरणा चालत नाही. ती ओळखीची.

पितांबर : बठ्ठं गाव संगे येईल. गाड्या जुंपतील. ढोल आनतील.

तोताराम : परक्याचा कान असला तर उद्यापन फुकट जातं. नवरा, पोर, सासू, आणि पोरीला पाजणारी. चाळीसगावला गाडी बदलायची आणि धुळ्याला उतरायचं. किती दिवस लागतील ते पाणी ठरवतं.

धुरपदाबाई : देवना नावनं खोटं बोलनं पाप शे, भाऊ.

तोताराम : खोटं तुम्ही आधीच बोललात अक्का. मी फक्त त्याचं उद्यापन करतोय.

पितांबर : न पंच म्हनले, दाखव कोठे लिहेल शे, तर?

तोताराम : तुमच्या पंचांत वाचता कुणाला येतं?

पितांबर : बन्सीलालभाऊले सही येते.

तोताराम : नुसती सही?

पितांबर : मोठी येते.

तोताराम : तेवढी पुरते. हे पुस्तक न्या. लाल कापडात बांधा, वर फूल ठेवा. पंचांपुढे कापड सोडायचं नाही, नुसतं ठेवायचं. विचारलं तर सांगा, जळगावहून पोथी आणलीय, हिच्यातच सगळं आहे. आणि हे मात्र खोटं नाही.

पितांबर : पन मी तुमचा सभासद नाही. रजिस्टरमध्ये मांडाल कोनाच्या नावावर?

तोताराम : माझ्या.

पितांबर : उद्या लोकं वाचतील. म्हनतील, नानांच्या घरी कोनीतरी...

तोताराम : म्हणू देत.

धुरपदाबाई : भाऊ, त्या पानवर इतला लोकेसनं बोट शे. तुमनं बोट कोनता पानवर शे?

तोताराम : माझं पान वेगळं आहे अक्का. पुढे आहे. घ्या, धरा. बांधणी जुनी आहे, फार उघडू नका.

पितांबर : नाना, ती बरी होईल का?

तोताराम : मी ग्रंथपाल. पान काढून देतो. पुढचं डॉक्टर सांगेल. ‘पुष्कळ’ लिहिलंय. ‘सगळ्या’ लिहिलेलं नाही. पण पुष्कळ म्हणजे काही थोड्या नव्हेत.

धुरपदाबाई : तितलं बी चाली.

तोताराम : गाडी दुपारची आहे ना तुमची? बरं, गावात गेल्यावर पंचांकडे नंतर जा. आधी झुंबरबाईंना सांगा, आपल्याला धुळ्याला जायचंय, डॉक्टरकडे. उगाच पोथी-पाणी त्यांना सांगू नका. त्यांच्याशी खरं बोला.

पितांबर : बोलू कसं?

तोताराम : कसं म्हणजे?

पितांबर : ती मौनात शे ना. मौनातल्या मानसाशी कोनी बोलत नाही, नियम शे तसा. व्रत मोडतं.

तोताराम : कोणतं व्रत हो? ते तुमच्या आईनं...

पितांबर : हां. ते माहीत शे मले. पन बठ्ठे बोलत नाहीत. मंग मीबी.

तोताराम : बारशापासून तुम्ही बायकोशी एक शब्द बोललेला नाहीत?

पितांबर : नाही. शेतातून आलो की उंबऱ्यातून हात जोडतो न मागच्या पडवीत जातो.

धुरपदाबाई : हात जोडस? तू?

पितांबर : पहिल्यांदा जोडले तव्हा लोकं होती समोर. बठ्ठे जोडत होते, मी एकटा उभा कसा राहू? दुसऱ्या दिवशीबी होती. मंग एक दिवस कोनीच नव्हतं. तरी जोडले.

धुरपदाबाई : न ती?

पितांबर : तिनं पाह्यलं. तेवढंच एकदा पाह्यलं, माय. मंग परत भिंतीकडे.

तोताराम : ...अक्का, पाणी देऊ का? माठातलं आहे.

धुरपदाबाई : नको. पितांबर, पहिले तू शेतमाईन येवाना तव्हय काय करे, याद शे का?

पितांबर : काय करायचो?

धुरपदाबाई : आंगनमाईनच वरडे. पानी आन वं, म्हनीसन. अर्ध्या गावले ऐकू जाये. ती घरमाईन वरडे, हात तुटनात का तुमना.

पितांबर : हां. असं म्हनायची.

धुरपदाबाई : आज घर गया म्हंजे तसाच वरड.

पितांबर : बाया बसेल असतील.

धुरपदाबाई : बसू दे. मी उठाडसू त्यासले.

पितांबर : न तिनं पानी नाही आनलं, तर?

धुरपदाबाई : तं तू तिले दे.